पुन्हा या म्हणायचं नाही

मी सामाजिक वैद्यकातला डॉक्टर. हृदयाचं, डोळ्यांचं काहीच जमलं नाही म्हणून मला हे घ्यावं लागलं, असं आईला शेवटपर्यंत वाटत होतं. "म्हणजे तू नक्की कशाचा डॉक्टर?" ती विचारायची. "गावाचा," मी म्हणायचो. "गावाला काय झालंय?" मग मी तिच्याकडे चहा मागायचो.

सगळी नोकरी भंडारा जिल्ह्यात गेली, त्यातली बरीचशी पवनीच्या बाजूला, वैनगंगेकाठच्या एका सरकारी दवाखान्यात. मी पुण्याकडचा. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा चालत नाही, आणि नेमणूक कुठे, तर जिथे सकाळच्या वाऱ्यालाही मासळीचा वास येतो! सरकारला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?

घरातून निघताना माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि दवाखान्यातून निघताना चुकूनही 'येतो' म्हणत नाही. ही रीत आमच्याकडेही आहे, पण आम्ही ती अर्धीमुर्धी पाळतो. इथली माणसं औषध घेतात, दाराशी पोचतात, "जातो जी" असं ठणकावून सांगतात आणि मागे वळून न बघता चालू लागतात. बायासुद्धा 'जातो'च म्हणतात, इकडची बोलीच तशी. आता माझं सगळं शास्त्र उभं कशावर? माणूस पुन्हा येण्यावर! रक्तदाब, साखर, क्षय, सगळी चिवट दुखणी. मी आपला जन्मभर "पुढच्या महिन्यात या हं" म्हणत बसलो आणि लोक माझ्या नावाने बोटं मोडत राहिले.

त्यात एक मासळी विकणारी बाई होती. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात तिचं गाव गेलं. मग त्याच पाण्यात नवरा जाळं टाकायचा आणि ही पवनीच्या बाजारात बसायची. तिला क्षय झाला. सहा महिने न चुकता गोळ्या घेतल्या तर माणूस ठणठणीत होतो. मध्येच सोडल्या तर रोग असा उलटतो की साध्या गोळ्यांना दाद देत नाही, आणि मग खरंच 'जातो' म्हणायची वेळ येते. हे सगळं मी तिला नीट समजावलं होतं. दोन महिने आली, खोकला थांबला, अंगावर मूठभर मांस चढलं आणि बाई यायची बंद झाली.

मी तिरीमिरीत बाजारात गेलो. मला बघताच तिने पदर तोंडावर ओढला.

"इथं नका बोलू जी, डाक्टरसायब," ती पुटपुटली. "खोकलनाऱ्या बाईची मच्छी कोन घेईल?"

"मग दवाखान्यात का नाही आलीस?"

"मले तं बरं वाटून राहिलं. मंग कायले येऊ? अन तुमीच तं बोलले, पुढच्या महिन्यात नक्की या. असं कोनी बोलते का जी? दुखनं वापस बलावल्यावानी झालं ना!"

माझं डोकंच फिरलं. शेजारच्या बायका कान टवकारून बसलेल्या. ओरडावं तर हिचा धंदा बसणार, गप्प राहावं तर बाई मरणार. मी खाली वाकलो आणि मोठ्याने म्हणालो, "मासळी काय आहे?"

"तुमी खाता जी?"

"खातो," मी भर बाजारात सांगितलं. "दर आठवड्याला घरी आणून द्यायची. मागच्या दाराने."

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर बातमी होती की डॉक्टर बिघडला. घरी तर विचारूच नका. "या घरात मासळी आली तर मी माहेरी जाईन," बायकोने जाहीर केलं. 'येईन' नाही, 'जाईन' म्हणाली, हे माझ्या लक्षात आलं.

पण ती गेली नाही. बाई दर आठवड्याला यायची, मागच्या दगडावर मासळी ठेवायची, माझ्यासमोर त्या दिवसाच्या गोळ्या गिळायची आणि बाकीच्या कनवटीला लावायची. ती मासळी विकायला येत होती. दवाखान्यात थोडीच येत होती? त्यामुळे निघताना ती बिनधास्त म्हणायची, "येतो जी." मासळी जायची आमच्या दवाखान्यातल्या, शेजारीच राहणाऱ्या सिस्टरकडे. सिस्टर आधी संकोचली, मग "सायब, पुढच्या खेपी झिंगे सांगा ना," इथपर्यंत तिची मजल गेली. मी झिंगे, म्हणजे कोळंबीही सांगितली. क्षयाच्या औषधोपचारात झिंगे लिहिणारा मी एकटाच असेन.

एकदा ती आलीच नाही. मी संध्याकाळपर्यंत मागच्या दारात खुर्ची टाकून बसलो. बायको दोनदा बाहेर डोकावली आणि शेवटी म्हणाली, "आली नाही का हो ती?" आवाजात काळजी होती. दुसऱ्या दिवशी बाई हसत हजर. "पावने आले होते जी घरी." मी इतका ओरडलो की सिस्टर पळत आली. राग कसला, मी घाबरलो होतो.

सहा महिन्यांच्या गोळ्या पुऱ्या झाल्या. थुंकी तपासली, रोगाचा मागमूस नव्हता. मी मागच्या दारातच तिला सांगितलं, "झालं. आता गोळ्या बंद."

"पक्कं?"

"पक्कं."

तिने पदराने डोळे पुसले. टोपली डोक्यावर घेतली. मी नेहमीप्रमाणे 'येतो जी'ची वाट बघत होतो. फाटकाशी जाऊन ती थांबली.

"तुमच्या बाईले म्हना, आता घर धुऊन घ्या. माह्या मच्छीपायी लई सोसलं त्यायनं. अन तुमी, सायब, मच्छी खात नाही तं नाही म्हनाव! तोंड पाहून समजते ना जी."

मग तिने मान ताठ केली आणि ठणकावून म्हणाली, "जातो जी."

आयुष्यभर हा शब्द ऐकून माझं डोकं फिरत आलं होतं. त्या दिवशी मला तो पुन्हा एकदा ऐकावासा वाटला. ती बाजाराच्या वाटेने निघाली होती. वळणापर्यंत मी बघत राहिलो. एकदाही तिने मागे वळून पाहिलं नाही.