जयराम घाडीचं गाऱ्हाणं

आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत देवाला गाऱ्हाणं घालायचा मान जयराम घाडीचा. तो खणखणीत आवाजात गावाच्या वतीने मागणं मागायचा आणि प्रत्येक मागण्यामागून जमलेले पुरुष 'व्हय म्हाराजा!' म्हणायचे. ऐकून कोण म्हणतो? सवयच ती.

त्याचा मुलगा बाळा पहिल्या वर्गात मॅट्रिक होऊनही कॉलेजला पैसे नाहीत म्हणून मुंबईत खानावळीत कपबश्या विसळत होता. १९८४च्या जत्रेत जयरामने नेहमीसारखं पाऊसपाणी मागितलं, गुरंढोरं राखायला सांगितली आणि त्याच दमात म्हणाला, "गावातला जा पोर मॅट्रिक होतला, तेच्या कॉलेजाचो खर्च गाव करतलो. गावाक बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. पण देवासमोर दिलेला शब्द फिरवणार कोण? नंतरच्या जूनमध्ये वाडीतल्या नर्मदेची मुलगी कावेरी मालवणला कॉलेजात गेली. फी वर्गणीतून, राहायला सरपंचांच्याच बहिणीकडे.

पुढच्या जत्रेआधी सरपंच जयरामच्या अंगणात आले. "औंदा कॉलेजाचा नाव काढू नको रे."

"बरा," जयराम म्हणाला.

गाऱ्हाण्यात त्याने कॉलेजचं नाव खरंच काढलं नाही. "गेल्या वर्साक तुझ्यासमोर 'व्हय' म्हणान जो कोण आता इसारलो आसात, तेका हंयच सगळ्यांसमोर उभो कर रे म्हाराजा!"

एकाही पुरुषाचं तोंड उघडेना.

तेव्हा बायकांच्या बाजूने, जिथून आजवर कधी उत्तर आलं नव्हतं, कावेरीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"