पंचमीला बंद झालेला हीटर

आमच्या आत्याबाईंच्या हातून माझा अजगर मरता मरता वाचला.

आणि आज त्यांच्याच फोटोला हार घालून मी ही पोस्ट लिहून राह्यले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मूळच्या जाफराबादकडच्या, सगळा जन्म जुन्या जालन्यात काढलेला. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी: मी बॉल पायथन पाळते. बाहेरदेशातली अजगराची जात, बिनविषारी, रीतसर नोंदणी केलेली. आपला नाग किंवा धामण घरात ठेवणं गुन्हा आहे, मला पण माहितीये. कमेंटमध्ये शिकवायला येऊ नका.

लग्नानंतर मागच्या खोलीत मी स्वतःच्या हातानं तीन पेट्या बनवल्या. वॉटरप्रूफ प्लाय, पुढं सरकती काच, बाजूला हवेसाठी भोकं.

एकावर एक रचल्या. मधे पट्ट्या टाकून फट ठेवली, न्हाईतर खालच्या पेटीची ऊब वरच्या पेटीत चढते. प्रत्येक पेटीत एका टोकाला हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, तिला ऊब ठरल्या आकड्यावर ठेवणारा थर्मोस्टॅट. गरम झालं की साप गार बाजूला सरकतो, थंडी वाजली की परत येतो.

संदीपनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, फक्त प्लाय धरला. तो पण दोनदा पाडला.

आत्याबाई त्या खोलीत पाय ठेवत नसत. पण मला कधी "हे काढ" म्हणाल्या न्हाईत. मला तेवढं पुष्कळ होतं.

मग नागपंचमी आली. मी माहेरी तीर्थपुरीला गेल्ते. जायच्या आधी गोटूला, म्हणजे सगळ्यात मोठ्या अजगराला, खायला घातलं होतं. खाल्ल्यावर त्याला ऊब लागते. न मिळाली तर पचत न्हाई.

दोन दिवसांनी परत आले तर खोलीत घाण वास. गोटूनं सगळं ओकून टाकलेलं, अंग गारठलेलं, उचललं तर हातात नुसता लोंबला.

हीटरचं बटण बंद.

मी रडत विचारलं, कोणी बंद केलं? आत्याबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी केलं. पंचमीला आपण चुलीवर तवा ठेवत न्हाई. त्याच्या तर पोटाखालीच तवा तापून राह्यला. म्हटलं, त्याच्या सणाला तरी त्याला चटका नको."



आमच्याकडं तवा म्हणजे नागाचा फणा. त्या दिवशी भाजायचं न्हाई, चिरायचं न्हाई, पुरणाचे दिंड उकडून खायचे. बाईनं जीवाची भीती बाजूला ठेवून, त्या खोलीत जाऊन, सापाच्या मायेनं बटण बंद केलं होतं.

गोटू बरेच दिवस खात नव्हता. जगतो की न्हाई तेच कळेना. आत्याबाई रोज दारातून विचारायच्या, "हालला का?"

त्यातच अण्णाकाका आले. माझे चुलत सासरे, आत्याबाईंचे धाकटे दीर, सगळ्या खानदानात आवाज त्यांचाच. त्यांनी बैठकीत सांगून टाकलं की बास झालं, हे साप घराबाहेर काढा.  संदीपनं पण माझी बाजू घेतली न्हाई. मी मनातल्या मनात साप कुणाला द्यायचे त्याचा विचार करायला लागले होते.

आत्याबाई चहाचा ट्रे खाली ठेवून बोलल्या.

"चूक माझ्या हातची झाली, भाऊजी. साप कशाला जातील?"

संपला विषय. अण्णाकाका चहा पिऊन गेले.

गोटूनं खाल्लं त्या दिवशी आत्याबाईंनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे पेढे ते कुणाला सांगितलं न्हाई.

त्यानंतर नवीन तीन पेट्या आम्ही दोघींनी केल्या. त्या पॉलिश पेपर घासायला बसायच्या, मी ड्रिल चालवायची. काचेला कुलूप पाहिजेच, हा त्यांचा हट्ट. किल्ल्या पदराला बांधल्या. म्हणायच्या, "मी भिते, म्हणून किल्ली माझ्याकडं." साप हातात घेतला न्हाई शेवटपर्यंत. पण थर्मोस्टॅटचा आकडा माझ्याआधी त्या बघायच्या.

पुढच्या पंचमीला मी माहेरी जायला तयार नव्हते. त्यांनीच बळजबरीनं एसटीत बसवलं. मागं गल्लीतल्या बाया दूध-लाह्या घेऊन आल्या, आणि हीटर चालू बघून एकीनं टोकलंच. त्यावर आत्याबाई काय म्हणाल्या ते मला त्याच बाईनं सांगितलं.

"सण नागाचा आहे ना? मंग त्याला जे लागतं ते करायचं."

दूध परत पाठवलं. हळदीकुंकू बाहेरून काचेला लावू दिलं.

सातवी-आठवी शिकलेल्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळू दिलेल्या माझ्या सासूनं एवढा जुना रिवाज एका वाक्यात बदलला. मला आजही सांगताना कॉलर ताठ होते.

मागच्या वर्षी कडाक्याच्या थंडीत त्या गेल्या. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. साप, हीटर, मला कशाचीच शुद्ध न्हाई. दुपारी एकदम आठवलं आणि पळत मागच्या खोलीत गेले.

सगळे हीटर चालू. आकडा बराबर.

आणि पेट्यांना पाठ लावून, स्वीचबोर्डाखाली अण्णाकाका जमिनीवर बसलेले. डोळे सुजलेले.

मला बघून म्हणाले, "वहिनीनं दवाखान्यात सांगितल्तं, मी गेले की माणसं जमतील, मोबाईल चार्जिंगला लावायला कुणीतरी पिन काढील. भाऊजी, तुम्ही तिथून हलू नका."

मी तिथंच त्यांच्या शेजारी बसले आणि पोटभर रडले.

आत्याबाई, मला तुमचा लई अभिमान आहे. तुमच्या सुनेचा वाकून नमस्कार.