मुखेडच्या बाजारात धरलेला हात

त्या दिवसांत माझी देवावर श्रद्धा होती का, असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. सकाळी अंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पूजा करायची, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. हात आपसूक ते करत. मन मात्र पोटाशी असे. बाळ आज हललं का, काल जास्त हलत होतं का, पहाटेपासून इतकं गप्प का आहे, याच विचारात पूजा संपून जायची आणि आपण बेल वाहिला की नाही हेही आठवायचं नाही.

याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी मला दिवस गेले होते आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. सोनोग्राफीच्या टेबलावर मी हसत आडवी झाले होते. डॉक्टरीणबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मशीनचा पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. त्यांनी तोंडानं सांगायच्या आधीच मला कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस मला त्या टेबलावरच्या थंड रेक्झिनचा वास घरात बसल्या बसल्या यायचा.

आमचं गाव मुखेड तालुक्यातलं. यांची पिठाची गिरणी आहे आणि थोडी कोरडवाहू शेती. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, ज्यांना सगळं गाव अव्वा म्हणतं. या खेपेला दिवस राहिले तेव्हापासून मला एका जागी बसवत नसे. भाकरी टाकता टाकता उठून दारात जायची, दारातून परसात, परसातून पुन्हा चुलीपाशी. अव्वा म्हणायच्या, "पायाला भिंगरी बांधली का गं तुझ्या?" यांना माझी तगमग कळत होती. हे फार बोलणारे नाहीत. गिरणी बंद केली की म्हणायचे, "चल, जरा फिरून येऊ." कधी शेतापर्यंत, कधी तळ्याच्या बंधाऱ्यापर्यंत, एकदा लोह्याला नणंदेकडे. आम्ही फारसं न बोलता जायचो आणि तसंच परत यायचो. पण रस्ता चालू असला की माझा जीव थोडा थाऱ्यावर असायचा.

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, आम्ही सगळे शेतात गेलो. कडब्याची कोप उभी केली होती, आत पांढरे रंगवलेले पाच दगड मांडून पूजा झाली. भज्जी, आंबील, उंडे, सगळं होतं. लेकुरवाळ्या बायका माझ्या पोटाकडं बघून हसत होत्या आणि मी ज्वारीच्या कडेनं उगाच फेऱ्या मारत होते. घरी आल्यावर चप्पल काढली तर पट्ट्याचा खोल वण पायावर उमटला होता. अव्वांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "पोटुशीचे पाय सुजतातच. मलाबी सुजायचे." मी ते लगेच मानलं. मानायचंच होतं मला.

आता जे सांगते ते सांगायला अजूनही जड जातं. त्याच पंधरवड्यात माझी तपासणी होती. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी दोनदा निरोप दिला. त्या दिवशी मी कार्ड पिशवीत घातलं, "जाऊन येते" म्हणाले, आणि आरोग्य उपकेंद्राकडे जायच्या ऐवजी शाळेमागच्या महादेवाच्या देवळात जाऊन बसले. तासभर बसले. मला ते टेबल नको होतं, ते मशीन नको होतं, कुणाचं गप्प होणं नको होतं. पिंडीकडे बघून मी म्हणाले, "आता तूच बघ." आणि घरी येऊन सांगितलं, नर्सबाई सगळं ठीक आहे म्हणाल्या. हे म्हणाले, "बरं झालं." त्या रात्री हे शांत झोपले असं मला वाटलं, आणि त्यांच्या त्या झोपेचा मला हेवा वाटला.

आमच्या लिंगायतांत आठव्या महिन्यात पोटातल्या बाळाच्या नावानं इष्टलिंग देतात, त्याला लिंगधारणा म्हणतात. अव्वांची इच्छा होती की उदगीरकडच्या त्यांच्या माहेरच्या मठात जाऊन ती करावी. निघायचा दिवस ठरला. सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं, मधेच डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. उपास होता, म्हणून असेल असं म्हणून मी गप्प बसले. ऑटोनं आम्ही दोघं मुखेडला आलो. बाजाराचा दिवस होता. उदगीरच्या एसटीला अजून वेळ होता. अव्वांनी सांगितलं होतं की मठात जाताना हातभर नवा हिरवा चुडा असावा. हे म्हणाले, "तवर बांगड्या भरून घे."

स्टँडजवळच्या रस्त्याला, काळ्या छत्रीखाली, एक वयस्क मुसलमान बाई बांगड्यांच्या पेट्या मांडून बसली होती. चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला. "ये बेटी, बस," म्हणून तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि माप बघायला पंजा दाबला. मग ती थांबली. मनगटाच्या वर अंगठा रोवून तिनं दाबलं आणि उचलला. कणकेत बोट रुतावं तसा तिथं खड्डा राहिला. आम्ही तिघंही त्या खड्ड्याकडे बघत होतो. तो भरून येईना.

"कधीपासून हाय हे?"

"पाय सुजतातच ना चाची," मी म्हणाले.

"पाय सुजतात. हात असे न्हाई सुजत. डोकं दुखून राहिलं का?"

मी हात मागं घ्यायला गेले, तिनं सोडला नाही.

"डोळ्यापुढं चमकतं?"

हे माझ्याकडं बघत होते. खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. "हाव," मी म्हणाले.

चाचीनं पेटीचं झाकण लावलं. "मी बांगड्या न्हाई भरणार. ह्या जुन्या हायत त्या आधी काढते. रुतल्यात बघ मनगटात."

हे घाबरले. "चाची, आठवा महिना हाय. आता हातातल्या बांगड्या वाढवायच्या का? घरचे काय म्हणतील?"

"घरच्यांला माझं नाव सांग. तीस वर्षं झाली, बायांचे हातच धरून राहिले मी. हा हात चांगला न्हाई बेटा. दवाखान्यात जावा. आत्ता."

"आमची गाडी हाय. मठात जायचंय."

"मठ कुठं पळून जात न्हाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

तिनं मांडीवर फडकं पसरलं आणि चिमट्यानं एकेक बांगडी अशा बेतानं मोडली की कातडीला ओरखडा उठला नाही. दोन्ही मनगटं उघडी पडली तेव्हा मी ती पदरात लपवली. तिला ते दिसलं असावं. पेट्या बांधायच्या गाठोड्यातून तिनं हिरवा दोरा काढला, दाताने तोडला आणि दोन्ही हातांना सैलसा बांधला. "हात रिकामे न्हाईत तुझे. जा आता."

तेवढ्यात उदगीरची गाडी लागली. कंडक्टर ओरडत होता. लोक खिडक्यांतून पिशव्या टाकून जागा धरत होते. हे गाडीकडं बघत होते, मग माझ्याकडं. चाचीनं शेजारच्या लसूणवालीला पेट्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं, गुडघ्यावर हात देत उठली आणि स्वतः जाऊन ऑटो थांबवला. "सरकारी दवाखान्यात सोड ह्यांला. कुठं थांबू नको." आम्ही बसलो. तिचं नाव विचारायचंही सुचलं नाही.

दवाखान्यात रक्तदाब मोजणाऱ्या सिस्टरनं एकदा मोजला, मग पुन्हा मोजला आणि डॉक्टरांना हाक मारली. वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढं गेला होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "तुम्हाला इकडं कुणी पाठवलं?" हे म्हणाले, "बांगडीवालीनं." डॉक्टर म्हणाले, "तिचं ऐकलंत, चांगलं केलंत." मग त्यांनी कार्ड मागितलं. मागच्या महिन्याचा रकाना कोरा होता. "ही तपासणी झाली नाही?" यांनी तो कोरा रकाना पाहिला आणि कार्ड घडी घालून खिशात ठेवलं.

झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं दिली. अंगातून आग उतरत गेल्यासारखं वाटलं. लगेच अ‍ॅम्ब्युलन्समधून नांदेडला निघालो. खिडकीतून पळणारी तुरीची राखट खोडं दिसत होती. मी यांना म्हणाले, "मी गेलेच नव्हते तपासायला. देवळात बसले होते."

यांनी खिशातलं कार्ड काढलं आणि पुन्हा आत ठेवलं. मग म्हणाले, "ठाऊक हाय मला. आशाताई दळण घेऊन आल्या होत्या गिरणीवर. त्या बोलल्या."

"मग मला विचारलं का न्हाई?"

"इचारलं असतं तर तुला घेऊन जावं लागलं असतं." त्यांनी माझ्या पायावरचं पांघरूण उगाच सारखं केलं. "मलाबी भ्या वाटत होतं."

एकाच घरात, एकाच भीतीला आम्ही दोघांनी दोन बाजूंनी दार लावून घेतलं होतं. मला रडू आलं, आणि किती तरी महिन्यांनी पहिल्यांदा छाती हलकी झाली.

नांदेडच्या दवाखान्यात सांगितलं की बाळ लगेच काढावं लागेल. थांबलो तर दोघांच्याही जिवाला धोका. ऑपरेशनला नेण्याआधी सिस्टर म्हणाली, "अंगावरचं सगळं काढा. गळ्यातलंही." मंगळसूत्र मी काढून दिलं. इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर हात गेला आणि तिथंच थांबला. जन्मात ते अंगावेगळं केलं नव्हतं. आई सांगायची, श्वासासारखं असतं ते. सिस्टरनं घाई केली नाही, पण ती वाट बघत उभी होती. यांनी ओंजळ पुढं केली. मी डबी त्यांच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी ती आपल्या इष्टलिंगाशेजारी, शर्टाच्या आत, गळ्यात घातली.

आत दिवे फार पांढरे होते. कमरेखाली काही कळत नव्हतं. जिभेवर एकही मंत्र येईना. नवस बोलावा असं वाटलं, पण देण्याजोगं माझ्यापाशी काय होतं? "तूच बघ" म्हणायची तर लाज वाटली. देवळात तेच म्हणून मी त्याच्या पाठीमागं लपले होते. शेवटी मनात एवढंच म्हणाले, "मी आलेय." दुसरं काही नाही. जे दाखवायचं ते दाखव, मी डोळे मिटणार नाही, असा त्याचा अर्थ होता. तेवढं म्हटल्यावर आतली धावपळ थांबली. बाळ वाचेल असं काही मला आतून कळलं नव्हतं. फक्त मी एकटी नव्हते. हे कसं, ते मला सांगता येणार नाही आणि पटवायचंही नाही.

मग एक बारीक, चिडका आवाज आला. मुलगी झाली होती. दीड किलोपेक्षा थोडी जास्त.

पुढचे तीन आठवडे ती काचेच्या पेटीत आणि मग आमच्या छातीवर वाढली. उघड्या छातीला बाळ बिलगवून तासन्‌तास बसायचं, असं सिस्टरनी शिकवलं होतं. माझा रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत ते काम यांनीच केलं. गिरणीचा पट्टा ओढणारा हा माणूस, खोकला आला तरी दाबून धरायचा. अव्वा आल्या तेव्हा त्यांची नजर आधी माझ्या मोकळ्या मनगटांवर गेली. मी बोलणी खायची तयारी केली होती. त्या जवळ बसल्या, माझे हात आपल्या पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, "गार पडलेत." लिंगधारणा पुढं सव्वा महिन्यानं घरीच झाली. मठाचे स्वामी स्वतः आले.

ऊन तापायला लागल्यावर लेकीला घेऊन आम्ही मुखेडच्या बाजारात गेलो. चाची त्याच छत्रीखाली होती. मी तिच्या पायाला हात लावला तर ती मागं सरकली. तिनं मला ओळखलं नव्हतं. यांनी सगळं सांगितलं, तरी तिला आठवेना.

"असेल बेटा. मी लई जणींला सांगते. कुणी ऐकतं, कुणी न्हाई." मग तिनं लेकीची मूठ उघडून बघितली, बोटं मोजल्यासारखी एकेक सरळ केली आणि हसली. "अल्ला आबाद ठेवो हिला." पाठीमागं दुसरी गिऱ्हाइकं खोळंबली होती. आम्ही बाजूला झालो.

घरी येताना मला आधी थोडं वाईट वाटलं होतं. जिला मी रोज पूजेत आठवत होते, तिच्या ध्यानीमनीही मी नव्हते. हळूहळू उमगलं की कृपा अशीच असावी. ती माझी वाट बघत बसली नव्हती, ती रोजचीच होती. त्या दिवशी मी फक्त तिच्यापासून पळाले नाही. देवावर सोपवणं म्हणजे पाठ फिरवून बसणं, असं मी समजत होते. आता वाटतं, भीत भीत का होईना, समोर जाऊन उभं राहणं म्हणजे सोपवणं.

माझी धास्ती गेली आहे असं नाही. लेक शिंकली तरी माझा घास हातात राहतो. परवा तिला डोस द्यायला उपकेंद्रात नेलं. नर्सबाईंनी तिला वजनकाट्यावर ठेवलं आणि काटा डोलत राहिला.  हे माझ्या शेजारी श्वास धरून उभे होते. आम्ही दोघंही काट्याकडं बघत राहिलो, तो स्थिर होईपर्यंत.