पूजेनंतर अडलेलं इंजिन

इंजिन सुरू होईना आणि मळ्यातल्या वांग्यांनी माना टाकल्या होत्या. इंजिन घेताना मोटेचे बैल विकून टाकले होते, त्यामुळे विहिरीतलं पाणी वर काढायला दुसरा उपाय नव्हता. आदल्या दिवशीच मिस्त्री नवा पिस्टन बसवून, इंजिन चालवून दाखवून वलगावला परत गेला होता. हँडल फिरवून फिरवून नवरा घामाघूम झाला आणि मिस्त्रीला शिव्या देऊ लागला.

मी जवळ जाऊन पाहिलं. नवा पिस्टन बसला म्हणून सासूने सकाळी इंजिनाची पूजा केली होती. झेंडूची माळ तिने हवा ओढायच्या नळीच्या तोंडावरच घातली होती. हँडल फिरलं की फुलं आत ओढली जात होती.

"माळ काढा लागते," मी म्हटलं.

"पूजेची माळ हाय. सुकल्याबिगर काढत नसतेत," सासू म्हणाली.

"मंग वांगे सुकू द्या, आत्याबाई."

मी माळ ओढून काढली, नवऱ्याने नळीत बोटं घालून पाकळ्या काढल्या. मग हँडल मारताच इंजिन धडधडलं.

"पयले काऊन नाई सांगतलं वं?" नवरा हसून म्हणाला.

पाटात पाणी आलं तेव्हा कुठे मी खाली बसले. कडेची झाडं वाळली. बाकीची वांगी जगली.