कासवाचा दिवा

पदनाम: प्रयोगशाळा परिचर, कीटक शाखा. वय: बावन्न पूर्ण. कर्तव्ये: मृत्यूच्या चौकशीत हस्तगत झालेल्या अळ्यांचे संगोपन, आहार व नोंदी, तसेच वरिष्ठ सांगतील ती इतर कामे. विशेष नैपुण्य: निरंक.

हा 'निरंक' ज्या कारकुनाने लिहिला, तो कीटक शाखेत कधी फिरकला नव्हता. त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. मुद्दाम फिरकावं अशी ती जागा नव्हे. दोन खोल्या, एक मोरी, आणि फळीवर ओळीने जाळीच्या झाकणाचे डबे. या डब्यांवर जिचं राज्य चालायचं तिला सगळं खातं मावशी म्हणत असे.

मृतदेहावरून आलेल्या अळ्यांचे मावशी दोन वाटे करायच्या. एक वाटा गरम पाण्यातून काढून अल्कोहोलच्या बाटलीत जाई. दुसरा डब्यात कलेजीवर वाढे, माशी होईपर्यंत. माशी झाल्याशिवाय ती कोणती हे छातीठोकपणे सांगता येत नाही. अळी पाहून सांगणं म्हणजे पाळण्यातल्या बाळाकडे बघून नाक कोणावर गेलंय ते ठरवण्यासारखं. माशी कोणती आणि ऊब किती हे कळलं, की ती अंडी कोणत्या वारी घातली ते मोजता येतं. माणूस साधारण त्याच सुमारास गेलेला असतो.

कलेजी नेहमीच्या दुकानातून यायची.

"पाहुणे अजून आहेत का हो मावशी?" खाटीक विचारायचा.

"आहेत. खाऊन खाऊन फुगलेत. गुरुवारपर्यंत उडतील."

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याची तक्रार वेगळी होती. "दर सहा तासांनी त्यांना बघायला जातेस. माझ्याकडे कधी असं बघितलं नाहीस."

"तुम्ही कधी सहा तासांत एवढे वाढला नाहीत."

तर एका मंगळवारी सकाळी एक निवृत्त प्राध्यापक आपल्या घरी खुर्चीत मरून पडलेले सापडले. हृदय बंद पडलं होतं, त्यावर कोणाचा वाद नव्हता. वाद वाराचा होता. त्यांची देखभाल करणारी नर्स शुक्रवारी संध्याकाळी रजेवर गेली होती. "मी त्यांना चहा देऊन निघाले, साखर कमी म्हणून सर बोललेसुद्धा," असं ती सांगत होती. पुतण्याचं म्हणणं, काका गुरुवारीच गेले आणि ही बाई प्रेत खुर्चीत तसंच सोडून रजेवर निघून गेली. हे खरं ठरलं असतं तर तिची नोंदणी रद्द झाली असती आणि वर खटला. तूर्त तिला रोज सकाळी चौकीवर बोलावून बाकावर बसवत होते.

मावशींनी मृताच्या खोलीत तापमान नोंदवणारं यंत्र लावलं. तीन दिवसांचे आकडे तिथेच उतरवून घेतले, सरासरी बावीस अंश भरली. डब्यातल्या माशा निघाल्या, ओळख पटली. शाखेच्या तरुण डॉक्टरांनी गणित केलं: अळ्या एवढ्या मोठ्या व्हायला पाच दिवस, म्हणजे गुरुवार. अहवाल टाइपही झाला. नर्सचं काही खरं नव्हतं.

मावशी यंत्र काढून आणायला गेल्या. वाकून काढताना त्यांना खुर्चीखाली सुकलेलं कोबीचं पान दिसलं. खुर्चीला खेटून एक स्टूल होतं, त्यावरच्या धुळीत चौकोनी स्वच्छ ठसा. शेजारी भिंतीवर रिकामा प्लगपॉइंट, चालू करून ठेवलेला.

दारात हवालदार उभा होता.

"हवालदार, इथं काय होतं?"

"कासव. म्हातारबाबांचं. पेटीत असायचं."

"कुठं गेलं?"

"मंगळवारीच चौकीवर नेलं मी. उपाशी मेलं असतं. बोलूनचालून जीव आहे, मावशी."

"एकटंच नेलं?"

"एकटं कसं? दिव्यासकट. रात्रंदिवस दिवा लागतो त्याला, नाहीतर गारठतं."

मावशी पायरीवर टेकल्या. प्रेतापासून हातभर अंतरावर जळणारा दिवा हवालदाराने भूतदयेपोटी उचलून नेला होता आणि त्यांनी नंतर थंडगार खोली मोजली होती. तिथून त्या थेट चौकीवर गेल्या. कासव नर्सच्या बाकाला लागूनच होतं. ती त्याच्या दिव्यापुढे हात शेकत बसली होती.

"ह्याचा दिवा घरी कधी विझवायचात?" मावशींनी विचारलं.

"कधीच नाही. सर रागवायचे. मला कोणी विचारतंय कुठं हो?"

डॉक्टर सुरुवातीला बधले नाहीत. "अहवाल तयार आहे, मावशी."

"सही झालीय?"

"नाही."

"मग कागदच आहे तो. खुर्चीपाशी परत दिवा लावू. दोन दिवस द्या."

"आणि काही निघालं नाही तर?"

"तर कासवाची सहल झाली असं समजा."

कासव पेटी आणि दिव्यासह सरकारी गाडीने मूळ जागी परतलं. हवालदाराने पेटी वाटभर मांडीवर धरली होती. दोन दिवसांनी मावशींनी यंत्र काढलं. खुर्चीच्या जागी एकतीस अंश. त्या उबेत त्याच अळ्या तेवढ्या व्हायला तीन दिवस पुरतात, म्हणजे शनिवार. डॉक्टरांनी गणित तीनदा तपासलं. एकदा मावशींकडूनही करून घेतलं. मग आधीचा कागद स्वतःच्या हाताने फाडला, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे.

पुतण्याने आक्षेप घेतला की एका कासवावरून निकाल फिरवणार का. निरीक्षक म्हणाले, कासवावरून नाही, दिव्यावरून. आणि तुम्ही काकांकडे शेवटचे कधी गेला होता? पुतण्याला ते आठवेना.

नव्या अहवालात असं आहे: 'घटनास्थळावरील उष्णतास्रोताच्या स्थानांतरामुळे प्राथमिक अनुमानात सुधारणा करण्यात येत असून, सदर मृत्यू संबंधित परिचारिकेच्या प्रस्थानानंतर घडला असल्याचे प्रतिपादन करण्यात येत आहे.'

नर्स त्या दुपारी घरी गेली आणि चौदा तास झोपली.