माशांची एकादशी

आळे गावात समुद्र एकाच घरात आहे, आमच्या. नूतनवन्सं पिंपरीत लहान घरात राहायला गेल्या, तेव्हा त्यांनी आपली काचेची पेटी, आतले दगड आणि मासे टेम्पोत घालून आईकडे आणून ठेवले. चार महिने सांभाळ म्हणाल्या. आता त्या मागायला आल्या तरी माझ्या सासूबाई, गोजरबाई, देतील असं मला वाटत नाही. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

आम्ही माळकरी. माळकऱ्यांच्या घरात मासळी शिरली म्हणून गल्लीत बरीच टिंगल झाली. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शिरली तर शिरली. ताटात तर न्हाई ना बसली." फिल्टरच्या पाण्यात पुड्यातलं मीठ कालवायला त्या एका दिवसात शिकल्या. सकाळी माझी पूजा चालते, तेव्हा त्या पेटीपुढे पाट टाकून बसतात. दोघींच्याही वाटेला कुणी जात नाही.

श्रावणात पाहुण्यांची रीघ लागली. आमच्याकडे आलेला माणूस उपाशी जात नाही, आणि येणारा प्रत्येक जण माशांनाही चिमूटभर घालूनच जायचा. पेटीच्या तळाशी खाणं साचायला लागलं. मग दगडांच्या फटींतून किडे दिसू लागले. बोटाएवढे लांब, तांबूस, दोन्ही अंगांना केस. एक दिवस आत्याबाईंनी कललेला दगड सरळ करायला पाण्यात हात घातला आणि तसाच ओढून बाहेर काढला. बोटांत बारीक पांढरी कुसळं भरली होती, डोळ्यांनाही धड दिसेनात. मी चिकटपट्टी लावून लावून ती ओढली, तरी बोटं सुजलीच. त्या दिवशी भाकरी मीच थापल्या.

आमच्या ह्यांनी निकाल देऊन टाकला. पुनवेपर्यंत अळ्या गेल्या नाहीत, एक जरी दिसली, तरी पेटी भंगारवाल्याला. आत्याबाई उठल्या. सुजल्या हातात फोन धरून परसात गांडूळखताच्या वाफ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि वन्संना सगळं सांगितलं. वन्सं म्हणाल्या, औषध अजिबात घालू नकोस, किड्यांच्या आधी बाकीचं सगळं मरेल. ते उरलंसुरलं आणि कुजलेलं खातात, खाणं जास्त पडलं की त्यांची पैदास वाढते. आत्याबाई वाफ्याकडे बघत म्हणाल्या, "मंग गांडूळच की."

दुसऱ्या दिवशी आमचे चुलत सासरे दादाभाऊ औषधाची बाटली घेऊन आले. त्यांची टोमॅटोची बाग आहे. अळी म्हटलं की त्यांचा हात आपोआप बाटलीकडे जातो.

"वहिनी, एक टोपण. सांजच्याला समदं साफ."

"अळी न्हाई ती. गांडूळ हाय."

"गांडुळाला कुसळं कवापासनं फुटली?"

"समुद्राचं हाय. तिकडं तसंच नेसत्यात."

दादाभाऊ हसत पुढे सरकले. आत्याबाई पेटीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ह्या पाण्यात तुमचं टोपण पडलं, तर तुमच्या बागेत मी मिठाची गोण वतीन."

दादाभाऊंनी बाटली पिशवीत घातली आणि चहा न घेता गेले. आमच्या घरातून असं कुणी गेलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग आत्याबाईंनी माशांना एकादशी लावली. खाण्याची डबी माझ्या देव्हाऱ्याच्या कप्प्यात ठेवली, देवाजवळची वस्तू कुणी उचलत नाही म्हणून. एक दिवस उपास, एक दिवस चिमूट, तीही त्यांच्याच हातून. सांजच्याला ठिबकच्या नळीचा तुकडा आमिष लावून त्या तळाशी ठेवायच्या, आणि सकाळी त्यात शिरलेले दांडगे किडे नळीसकट उचलायच्या. चातुर्मासात हे बघणं मला जड जात होतं, पण नळी धुऊन मीच द्यायची. पाहुण्यांची पोरं हिरमुसली, त्यांच्या आयांनी तोंडं वाकडी केली. ह्यांनी एकदा वैतागून विचारलं, एवढा हट्ट कशासाठी? भाकरी मोडता मोडता त्या म्हणाल्या, "कोंबड्या पाळल्या अंड्यासाठी, शेळी दुधासाठी. तुला वाढवला त्यो बी म्हातारपणी बघशील म्हणून. ह्या माशांचा काय बी उपेग न्हाई. तेवढंच माझं हाय."



पुनवेला दिवेलागणीनंतर ह्यांनी पेटीचा दिवा बंद केला आणि मोबाईलची बॅटरी आत धरली. आधी दिवा गेला की दगडावर नुसती वळवळ असायची. आता काहीच नव्हतं. मी मनात नाम घेत होते. आणि मग मागच्या फटीतून एक बाहेर आला, बारीकसा, पडलेला कण शोधत.

"आई, ही बघ. दिसली."

"दिसलं. वाफ्यात गांडूळ दिसलं तर वाफा मोडतोस का?"

"एक बी दिसता कामा नये असं मी म्हणलो व्हतो."

"तू म्हणला व्हतास. मी कवा हो म्हणले?"

ह्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी देव्हाऱ्याकडे तोंड वळवलं आणि वात पुढे सारली. मागे पेटीच्या दिव्याचं बटण वाजलं. निळा उजेड पार देवापर्यंत आला.

आत्याबाई पाट ओढून बसल्या. ह्यांनी उगाच डबीकडे हात नेला, तर त्या मागं न बघता म्हणाल्या, "आज उपास हाय त्यांचा."