चंद्रभानजींचा पिंजरा

चंद्रभानजी भोयर ठार बहिरे आहेत, असं अर्धं वर्धा मानत असे. कानाजवळ बंदूक फुटली आणि पडदे गेले, असं कारणही सांगत. कोणी ती बंदूक बाराबोरची करी, कोणी ठासणीची, आणि स्टेशनजवळच्या एका पानठेलेवाल्याने तर त्यात वाघही घातला होता.

खरं एवढंच, की चंद्रभानजींनी जन्मात बंदूक चालवली नव्हती. आणि कान म्हणाल, तर भिंतीपलीकडे पाल चुकचुकली तरी ती कोणत्या वाशावर आहे ते सांगत. रोहण्याहून विशीतच ते वर्ध्याच्या एका कापसाच्या जिनमध्ये फिटर म्हणून लागले. बावीस वर्षं सरकी सुटताना ऐकली. जिनच्या गदारोळात कोणी कोणाला हाक मारत नाही, हात करतात. त्यामुळे हाकेला मान वळवायची त्यांची सवयच गेली. रस्त्यात कोणी मागून 'ओ चंद्रभानजी' म्हणून घसा फोडला तरी ते आपले सरळ चालत. समोर येऊन हात हलवला, की जागच्या जागी थांबत. "बोला जी."

एवढ्यावरून गावाने त्यांना बहिरं करून टाकलं. त्यांनीही कधी दुरुस्ती केली नाही.

"राहू द्या," ते म्हणत. "बहिऱ्यासमोर लोकं मोकळं बोलते."

सत्त्याहत्तर साली जिन बंद पडली. कापसाचं मोठं गोदाम रिकामं झालं, तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या अच्युत सरांनी ते मालकाकडून मागून घेतलं आणि तिथे एअर रायफलचा क्लब काढला. गोदामाबरोबर चंद्रभानजीही आले.

"चंद्रभानजी, आपल्याला एक ट्रॅप लागेल," सर पहिल्याच दिवशी म्हणाले.

"काऊन जी? उंदरं झाले काय?"

सरांनी फळ्यावर आकृती काढली. छर्रा कागदातून पार जाणार, मग तो अडवायचा, उलटून कोणाच्या डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. चंद्रभानजींनी आकृती पाहिली, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी तेलाचा पिपा आडवा कापून आणला. आत जिनच्या भंगारातली लोखंडी पट्टी तिरपी बसवलेली. छर्रा तिच्यावर आपटे, चपटा होई आणि खालच्या ताटलीत पडे. समोर लाकडी चौकट, तिच्यावर निशाणाचं कार्ड. वर डालड्याच्या अर्ध्या डब्यात शंभराचा बल्ब. सरांनी त्याला ट्रॅप म्हणायचं, बाकी सगळ्यांनी पिंजरा. महिन्याभरात सरही पिंजराच म्हणू लागले.

दहा मीटरचं अंतर चंद्रभानजी सुती दोरीने मोजत. पावसाळ्यात दोरी ओलीने आखडली, पिंजरे चार बोटं पुढे आले आणि सगळ्यांचे गुण वाढले. सरांना वाटलं, आपल्या शिकवण्याने. चंद्रभानजींनी गुपचूप दोरी वाळत घातली.

पण त्यांची खरी कमाल पुढेच होती. छर्रा पट्टीवर 'टन्न' वाजला, की दाराजवळच्या स्टुलावर पाठमोरे बसलेले चंद्रभानजी निकाल देत. "आठ. जरा सेवाग्रामकडे गेला." सेवाग्रामकडे म्हणजे उजवीकडे. डावीकडे गेला तर पुलगावकडे. वर गेला तर 'टिनाकडे'. सर दहा मीटर चालत जाऊन कार्ड बघत, आणि निकाल बरोब्बर निघे. मग क्लबातले पोट्टे सुटले. छर्रा मारायचा आणि आधी मागे बघायचं: "काका, काय ऐकू आलं?"

ज्याला अख्खं गाव बहिरं म्हणे, त्याला हा प्रश्न विचारणारी एवढी एकच जागा होती. चंद्रभानजी संध्याकाळी पाचची वाट दुपारी दोनपासून बघत.

गोदामाच्या भिंतीला लागून मोतीलालजींचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर ते एक कागद घेऊन आले.

"देखो सर, ये देखो. आमच्याकडची एक मुलगी तुमच्या टन्नटन्नवर अर्ज टाइप करून राह्यली. जिथं टन्न, तिथं फुलस्टॉप."

कागदावर खरोखरच 'विनंती. करण्यात. येते. की.' असं छापलं होतं. महिन्याने परीक्षा होती. मोतीलालजी मालकाकडे गेले, आणि मालकाने सरांना सांगितलं की आठ दिवसांत आवाज बंद, नाहीतर गोदामाला कुलूप.

सरांनी डोकं धरलं. चंद्रभानजी दोन दिवस पिंजऱ्यासमोर नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी बारदान्याची पोती भरून कवडी घेऊन आले. अळीने खाल्लेला, पिवळा पडलेला, बाजारात कोणी हात लावत नाही तो कापूस म्हणजे कवडी. पट्टीपुढे ती त्यांनी ठासून भरली. सरांनी छर्रा मारला. बंदुकीचा फट्ट तेवढा झाला. पट्टी काही बोलली नाही.

"पण चंद्रभानजी, आता तुम्हाला कळणार कसं?"

"क्लब तं राहीन न जी," ते म्हणाले आणि दुसऱ्या पिंजऱ्याकडे वळले.

मोतीलालजी येऊन ऐकून गेले, खूश झाले. क्लब वाचला. पोट्टे छर्रा मारून स्वतःच कार्ड बघायला धावू लागले. मागे वळून विचारायचं कारणच उरलं नाही. चंद्रभानजी स्टूल उचलून बाहेर पायरीवर बसू लागले.

क्लबात नलू होती, अकरावीतली. हे लिहून राह्यली ती हीच. तिला नकलांचं वेड: सरांचं घसा खाकरणं, मोतीलालजींचं 'देखो सर', आर्वीच्या एस्टीचा गिअर, सगळं तोंडात तयार. डिसेंबरात एकदा ती पायरीवर आली आणि चंद्रभानजींपुढे हात करून म्हणाली, "काका, तुमचे कान तं पेन्शनीत गेले."

"लाव पैज," चंद्रभानजी म्हणाले.

ठरलं असं: दार लोटलेलं, काका पायरीवर पाठमोरे. आत पाच आवाज होतील. काही सरांच्या बंदुकीचे, काही नलूच्या तोंडचे. कोणता कोणाचा ते काकांनी सांगायचं. हरेल त्याने हिवाळाभर दर रविवारी कवडीतले छर्रे वेचायचे.

पहिला झाला. "खरा. नऊ, पुलगावकडे."

सर कार्डाकडे गेले. नऊ. डावीकडे.

दुसरा. "खरा. सात, टिनाकडे."

तिसरा नलूने काढला. आधी बंदुकीचा फट्ट, मग कागदाचा टप. सरही चमकून बंदुकीकडे बघू लागले.

"हे पोरगी हाय," बाहेरून आवाज आला.

चौथा खरा निघाला, दहा. पाचव्याला नलूने जीव ओतला.

"नलू."

ती दार उघडून बाहेर आली. "काऊन जी? कुठं चुकली मी?"

"फट्ट बरोबर. टपही बरोबर. पण छर्रा आत घुसला का कवडी श्वास सोडते, हळूच. तू दम धरून उभी राह्यली."

सर मागून आले होते. "म्हणजे तुम्हाला सगळं ऐकू येत होतं? मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठं?"

सर आत गेले, एक छर्रा मारला, बंदूक खाली ठेवली आणि कार्डाकडे न जाता दारातून पायरीवरच्या माणसापुढे येऊन हात केला.

"आठ," चंद्रभानजी म्हणाले. "सेवाग्रामकडे." आणि स्टूल उचलून आत आले.

गेल्या वर्षी गोदाम पाडलं, आता तिथे सिमेंटच्या पोत्यांची थप्पी आहे. पण त्या हिवाळ्यातले सगळे रविवार नलूने पैजेपायी तिथेच काढले, कोपरापर्यंत हात कवडीत घालून. छर्रे वेचता वेचता ती ओठ चंबूसारखे करून तो श्वास काढून बघे. स्टुलावरून पाठमोरा आवाज येई.

"नाई जमत, बाई. वेच."